मामांच्या गाडीतल्या सुया

मी दिग्रसजवळच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर. मामांनी जीप चालवून मला शिकवलं, त्यामुळे त्यांचा फोन आला की मी जातोच.

"भाचे, येऊन पाह्य. गाडीत कोनं तरी करणी ठेवली."

मामांना त्या दिवशी लग्नाचं भाडं होतं, नवरीकडच्या मंडळींना घेऊन ढाणकीला निघायचं होतं. मी पोचलो तेव्हा जीपची सगळी दारं उघडी होती आणि आळीतले लोक तिच्यापासून लांब उभे होते. मागच्या सीटखाली लाल कापडाचं गाठोडं होतं. त्यातून सुया बाहेर आल्या होत्या आणि पत्र्यावर रक्त वाळलं होतं. मामींनी गाडीभोवती हळदीचं रिंगण काढलं होतं, पोरांना घरात कोंडलं होतं. आधी लोकांना दूर करा, जागा आखून घ्या, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. इथे ते दवाखान्यापेक्षाही चोख झालं होतं.

मी वाकून टॉर्च मारला. वापरलेल्या सिरिंजा आणि रक्ताळलेला कापूस. गावोगाव इंजेक्शनं देत फिरणाऱ्या कुणाचं तरी गाठोडं राहिलं होतं. मी सगळ्यांना समजावलं की ही करणी नाही, वापरलेल्या सुया आहेत, आणि टोचल्या तर दुसऱ्याच्या रक्तातला रोग आपल्याला होऊ शकतो.

लोकांनी पहिलंच वाक्य ऐकलं.

"सुयाच हायेत होय?" शेजारचे काका रिंगण ओलांडून आत आले. "एवढ्यासाठी सकाळपासून उभं केलं आमाले?"

"कापड चांगलं हाय, फेकू नोका," मामी म्हणाल्या.

मामांनी बाही वर केली. "सरक भाचे, उशीर होऊन राह्यला."

"मामा, ग्लोव्ह्ज तरी..."

"मले सुईचं काय भेव? साखरेचं इंजेक्शन मी सोताच घेतो न." त्यांचा उघडा हात सीटखाली गेला.

"मामा," मी म्हणालो, "करणीच होय ते."

हात बाहेर आला. काका रिंगणाबाहेर गेले. मामींनी डोक्यावर पदर घेतला. "म्या पयलेच म्हनलं होतं. हा शिकून येडा झाला."

मग मला हवं तसं काम करता आलं. जाड हातमोजे घातले, सांडशीने एकेक सुई उचलली आणि टोपण न लावता, टोक खाली करून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकली. झाकण घट्ट बसवलं. रक्तावर कागद टाकून ब्लीचिंगचं पाणी ओतलं, थांबलो, मग पुसलं. कापड, कापूस आणि कागद वेगळ्या पिशवीत बांधले. लोक हात जोडून पाहत होते.

"मंतर मनातच म्हनतो काय?" काकांनी विचारलं.

मी मनात प्रशिक्षणातल्या पायऱ्या म्हणत होतो, म्हणून हो म्हणालो.

साबणाने हात धुऊन, डबा आणि पिशवी घेऊन मी मामांच्या शेजारी बसलो. आधी दवाखाना, मग नवरीचं घर, असं ठरलं. थोडं पुढे गेल्यावर मामांनी हळूच विचारलं, "कोनं केली असंल रे?"

मी दचकलो. आळीत एक म्हातारी एकटी राहते, आणि असा प्रश्न निघाला की लोक तिच्या दाराकडे बघतात.

"आपल्यातलं कोनीच नाही, मामा. घाईतल्या एखाद्या कंपाउंडरनं."

मामांनी गिअर बदलला, विचार केला. "कंपाउंडरची करणी," ते म्हणाले. "मंग उतारा बी दवाखान्यातच पाह्यजे." आणि दोन्ही धडधाकट हातांनी स्टिअरिंग वळवून त्यांनी जीप दवाखान्याच्या फाटकातून आत घातली.