उतरलेली फी आणि नमुन्याची पंगत

माझी बायको जाऊन वर्ष व्हायला आलं. लोक भेटायला येतात आणि "फार पुण्यवान बाई होती" म्हणतात. पुण्यवान वगैरे काही नव्हती. भांडखोर होती. तिच्या भांडकुदळ तोंडानं एक कॉलेज वाचलं, तेवढं लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्या.

साठ सालानंतरची गोष्ट. मारेगावच्या बाजूला आमच्या गावात कॉलेज निघालं होतं. कॉलेज म्हणजे काय, तर शेटजींच्या जिनिंगचं जुनं गोदाम. कापूस निघाला, बाकडी आली. भिंतींच्या फटींत मात्र रुई अडकलेलीच होती. वारा सुटला की ती उडायची, आणि इतिहासाचे सर दोन-तीन शिंका दिल्याशिवाय पानिपतापर्यंत पोचत नसत. मी तिथला चपराशी. गोदामामागे टिनाचं शेड होतं, त्यात बायको खानावळ चालवायची. बाहेरगावचे पोट्टे तिच्याकडे जेवत. आम्हाला लेकरू नव्हतं. कोणी कीव करायला लागलं की ती म्हणे, "मले पोट्टे कमी हायेत का? दाढ्या आलेले हायेत सारे. शेंबूड पुसा लागत नाही."

पहिल्या वर्षी गोदाम भरलं. दुसऱ्या वर्षी मागची बाकडी रिकामी राहिली. तिसऱ्या वर्षी आषाढ लागला तरी बाकड्यांवर पोरांपेक्षा चिमण्या जास्त. मॅट्रिक झालेला पोट्टा सरळ राजूरच्या कोळशाच्या खाणीत जाऊन चिकटायचा. पैसेवाल्याचा असला तर यवतमाळ नाहीतर नागपूर गाठायचा. आमच्याकडे कोण येणार? विद्यापीठाचे साहेब दिवाळीनंतर बघायला येणार होते. गोदाम असंच दिसलं असतं तर कॉलेज बंद.

माझं काही नव्हतं. जिनिंगवर हमाली केली असती. पण तिनं भाकर थापायची सोडून मला गाठलं.

"पोट्टे गेले तं मी कायले उठू सकाळी? तुमच्या एकट्याच्या सैपाकासाठी?"

"मी काय माणूस नोहे का?"

"तुमी हाये ना. पण तुमाले वाढताना आरडाओरड होत नाही."

शेटजी संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा जन्म कापसाच्या व्यापारात गेलेला. सभेत मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते प्राचार्यांना सांगत होते, "माल उठत नसन तं भाव उतरवा. फी आर्धी करा."

प्राचार्य पुण्याकडचे, हळू बोलणारे. म्हणाले, "शेटजी, शिक्षण म्हणजे माल नव्हे."

"सर, तुमी शिकवा. खपवायचं मी पाहतो."

झालं. फी अर्धी झाली. आणि कापसाचा भाव जिथं कळतो तिथंच फीचाही कळावा, म्हणून शेटजींनी बाजाराच्या दिवशी दवंडी द्यायला लावली. मारेगावच्या भर बाजारात कोतवालानं डफ बडवला, मी शेजारी टोपी सरळ करून उभा. "कॉलेजची फी उतरली होऽऽ! अर्ध्यावर आली होऽऽ!"

मिरचीचं पोतं घेऊन बसलेला एक म्हातारा उठून आला.

"काहून उतरली?"

"असंच, बाबाजी. लोकाईच्या सोयीसाठी."

"लोकाईच्या सोयीसाठी आजलोक कोणत्या व्यापाऱ्यानं भाव उतरवला रे? कापूस ओला असला, नाही तं किडका निघाला, तवा उतरते. तुमचं कॉलेज ओलं झालं का?"

लोक जमले. कापूस घेणारा गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर उपसतो, बोटांनी ताणून बघतो. तो नमुना. तसं एकानं माझ्या सदऱ्याची बाही ताणून पाहिली. "हा नमुना असन तं राहू दे, बापा."

"मी चपराशी हाव," मी म्हटलं.

"मंग मास्तर कसे असतीन, देवच जाणे!"

इथपर्यंत हसण्यावारी गेलं असतं. पण गर्दीत एक पाटील होते. त्यांचा मुलगा आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. पाटलांचं तोंड उतरलं. "सोयरे विचारतीन, पोरगा कोणत्या कॉलेजात हाये? आध्या फीच्या! मंग हुंडा बी आधाच देतीन." दोन दिवसांनी ते आले आणि मुलाचं नाव काढून घेऊन गेले. त्यांच्यामागे आणखी काही बाप आले. एकजण तर प्राचार्यांच्या पाया पडला, "साहेब, माह्यापासून पुरी फी घ्या, अन गावात सांगू द्या का पुरी देल्ली म्हून."

भाव उतरवला आणि होता तो मालही उठेना. हलली नाहीत ती आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली पोरं. त्यांच्या घरच्यांनी चार-पाच वर्षांपूर्वीच दीक्षा घेतली होती. त्यातला एक बाप मला विहिरीवर भेटला. म्हणाला, "फी उतरो का चढो, आमचे पोरं बाकड्यावरून उठत नाही. तुमीच गोदामाले कुलूप नका लावू म्हंजे झालं."

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ओल्या कॉलेजवर ती पोट धरून हसली. मग एकाएकी चिडली आणि दिवसभर भांडी आपटत राहिली. संध्याकाळी प्राचार्य जेवायला आले. त्यांचं बिऱ्हाड पुण्याकडे होतं, म्हणून तेही आमच्याच पंगतीला असत. ते म्हणाले, "आता फी पुन्हा वाढवली तर लोक हसतील."

"आता काय रडून राह्यले का?" तिनं भाकर त्यांच्या ताटात टाकली. "सर, तुमी कधी वांगे घेतले का बाजारातून?"

"नाही बुवा."

"म्हूनच. भाजीवालीचा भाव पाडला का ते खालून किडके वांगे घालते. मी भाव पाडतच नाही. तिचा भाव तिले देतो अन माप झाल्यावर म्हणतो, बाई, आता वर दोन टाक. ते बी खूश, मी बी खूश. फी पुरी ठेवा. अन वर दुपारचं जेवण द्या."

प्राचार्यांना ठसका लागला. "बाई, महाविद्यालय म्हणजे अन्नछत्र नव्हे."

"नका म्हणू छत्र. तुमी शिकवायचं पाहा, भाकरी माह्यावर सोडा."

हे ऐकून तुम्हाला वाटेल, काय शहाणी बाई! तसं काही नव्हतं. तिला शिक्षणाची पडलेली नव्हती. तिला शेडात गोंगाट पाहिजे होता, आणि त्यासाठी तिनं कॉलेजच काय, रेल्वेसुद्धा चालवली असती.

शेटजी दोन दिवस कुरकुरले, मग तयार झाले. ज्वारी त्यांच्या वावरातली, तूरही त्यांचीच. फक्त म्हणाले, "तेल हात राखून टाका."

"तेल कमी टाकलं तं थे बी बाजारात कळते," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला पुन्हा डफ. "कॉलेजची फी पुरी होऽऽ! वर दुपारचं जेवण होऽऽ!"

मिरचीवाल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. "आता कसं! अन नमुना?"

"या ना दुपारी," मी म्हणून बसलो. आणि इथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी पोरं राहिली बाजूला, बाप आले. मारेगावचे आले, मुकुटबनकडचे बैलगाडी जुंपून आले. धोतरं सावरून पंगतीत बसले, नमुना बघायला! एका तांड्याचा नायक आला. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून मुलूख पालथा घातलेला, त्याला खरेदी कोण शिकवणार? त्यानं भाकर वाकवून पाहिली, वास घेतला, कडा तपासल्या. मला वाटलं, आता बैलाचे मोजतात तसे भाकरीचे दात मोजतो. मग सावकाश जेवून म्हणाला, "ज्वारी जुनी हाये. पण हात चांगला हाये," आणि तांड्यावरच्या तीन पोरांची नावं घालून गेला.

एका बापानं विचारलं, "आमच्या पोराले वेगळं बसवता का? त्या वस्तीतल्या पोराईच्या रांगेत नको."

"बसवा ना वेगळं," बायको म्हणाली. "तुमच्या घरी लय जागा हाये." तो तणतणत गेला. आठवडाभरानं त्याचा पोरगा एकटाच आला आणि मुकाट्यानं त्याच रांगेत बसला. बापाला सांगून आला की न सांगता, तिनं विचारलं नाही. ताट वाढलं.

गोदाम भरत गेलं. प्रत्येक बापानं पोराला बजावून धाडलेलं, फी पुरी भरली आहे, पोटभर वसूल कर. पोरं वसूल करत होती. बायको दिवसभर ओरडायची, "राक्षस हायेत का पोट्टे!" आणि इतकी खूश असायची की मला मिरच्या कुटायला बसवून गाणी म्हणायची. घंटेपेक्षा जास्त ठोके मी त्या साली खलबत्त्यात दिले.

दिवाळीनंतर विद्यापीठाचे दोन साहेब आले. प्राचार्यांपेक्षा तीच जास्त घाबरली होती. साहेबांनी भरलेला वर्ग पाहिला, समाधानानं मान हलवली आणि पहिल्या बाकड्यावरच्या मुलाला विचारलं, "हेच महाविद्यालय का निवडलंस?"

पोट्टा उभा राहिला. "जेवण चांगलं भेटते, साहेब."

"आणि शिक्षण?"

"ते वर भेटते."

प्राचार्यांनी डोळे मिटले. मी दाराची चौकट धरून उभा. मोठ्या साहेबांनी धाकट्या साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे जेवण कुठं आहे?"

दोघं पंगतीला बसले. पहिल्याच घासाला मोठ्या साहेबांनी पाण्याचा गडू उचलला. "वरण फार खारट आहे."

टिनाच्या आडून ती बोलली. "तुमच्याच भेवानं दोनदा मीठ पडलं, साहेब. कॉलेज राहू द्या, उद्यापासून बराबर करतो."

साहेब इतके हसले की त्यांना उचकी लागली. मग आणखी एक भाकर मागून घेतली.

पुढं कॉलेजला मंजुरी आल्याचं कळलं, तेव्हा मी घंटा द्यायची सोडून शेडाकडे पळालो. ती परातीत पीठ मळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग उभे काय राहता? ज्वारी आणा." मी वळलो तर मागून हाक. "अन आइका. शेटजीले म्हणा, आता फी उतरवा."

मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. "आता कायले?"

"ज्याईले परवडत नाही त्याईच्यासाठी. पोट्टे जेवताना बोलतेत, मले समजते कोणाच्या घरी काय हाये."

"मंग दवंडी?"

"दवंडी दिली तं तुमची जीभ हासडीन. गुपचूप उतरवा. हुंड्यावाल्याईची पुरी राहू द्या."

शेटजींनी आधी कपाळावर हात मारला, मग उतरवली, गुपचूप. पुढं कॉलेजला गोदाम पुरेना, पक्की इमारत झाली, पण कोणाची फी पुरी आणि कोणाची अर्धी, हे गावाला कळलं नाही. शेटजींना आणि प्राचार्यांना ठाऊक होतं, तिला आणि मला. शेटजी आणि प्राचार्य गेले. ती गेली. राहिलो मी, आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.