टॉबिन्सच्या छताखालची शाळा

गोदामाचं दार अडलं तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. व्हर्ना ह्राबोव्स्कीने सफाईची गाडी बाजूला लावली आणि खांद्याने दार रेटलं. ते दोन बोटं सरकलं, वरच्या चौकटीला करकरलं आणि तिथेच थांबलं. 

पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावात टॉबिन्स म्हणजे मोठं दुकान. कपडे, अत्तरं, भांडी, पलंग, सगळं एकाच ठिकाणी. व्हर्नाने तिथे सव्वीस वर्षं पडदे आणि चादरी विकल्या. दुकान बंद पडलं तेव्हा शेवटच्या आठवड्यात तिने कपड्यांचे पुतळेसुद्धा विकून टाकले. मग चार वर्षं इमारत ओस पडली. पुढे गावच्या हायस्कूलच्या भिंतींत बुरशी निघाली आणि सहाशे मुलं रातोरात टॉबिन्समध्ये आणून बसवली. अत्तरांच्या विभागात गणित, बुटांच्या विभागात वाचनालय, आणि मागच्या बाजूला जिथे पलंग-सोफे असायचे तिथे पातळ भिंती घालून चार वर्ग. साठीला टेकलेली व्हर्ना आता सफाई कामगार म्हणून तिथे परत आली. "इथला कोपरान् कोपरा मला माहीत आहे," एवढंच ती मुलाखतीत बोलली होती.

सव्वीस वर्षांत ते दार दोनदाच अडलं होतं. दोन्ही खेपांना मागच्या सपाट छतावर बर्फ साठून पाणी जायच्या वाटा तुंबल्या होत्या आणि वजनाने छत वाकून चौकटीवर दाबलं होतं. तेव्हाचे मॅनेजर लगेच फावडी देऊन माणसं वर चढवायचे. आता तीन दिवस बर्फ पडला होता, पहाटेपासून त्या बर्फावर पाऊस पडत होता, आणि वर कुणीही चढलं नव्हतं.

ती तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. ब्रॅड यॉस्ट फोनवर होते. त्यांनी बोटाने थांबायची खूण केली. ती थांबली नाही.

"मिस्टर यॉस्ट, मागचं छत खाली येतंय. गोदामाचं दार बसलंय."

यॉस्टनी फोन ठेवला. "व्हर्ना, पावसात लाकूड फुगतं."

"लोखंडी दार आहे ते."

"दोन आठवड्यांपूर्वी गॅसचा वास येतोय म्हणालात. सहाशे मुलं थंडीत उभी केली मी. शेवटी निघालं काय? गालिच्यात मुरलेलं जुनं अत्तर! पालक अजून मला सोडत नाहीत."

तिचे कान तापले. ते खरंच होतं.

"ऑगस्टमध्ये इंजिनिअर तपासून गेलाय," यॉस्ट जरा नरमले. "इमारतीच्या मालकाला फोन करतो. दुपारपर्यंत माणूस येईल. तोवर कुणाजवळ बोलू नका."

व्हर्ना मागच्या वर्गांकडे आली. आपलं वय झालं, उगाच धसका घेतो आपण, असं मनाला बजावत ती बोळातून चालत होती. वर्गांच्या भिंती वरच्या लोखंडी तुळयांपर्यंत पोचत नव्हत्या. मध्ये वीतभर फट सोडलेली होती. रोज त्या फटीतून ती लांब दांड्याचा झाडू फिरवून जाळी काढायची. तिने गाडीतला झाडू उचलला आणि वर नेला. झाडू आत जाईना. दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. तिथेही फट उरली नव्हती. तुळई भिंतीच्या डोक्यावर येऊन टेकली होती. पलीकडे मिस पेट्राकिस इतिहास शिकवत होत्या. पोरं कशाला तरी खिदळत होती.

तेवढ्यात वरून टक् असा आवाज झाला आणि एक स्क्रू तिच्या पायाशी येऊन पडला.

परत यॉस्टकडे जायचं, समजवायचं, ते फोन करणार... तिने पुढचा विचार केलाच नाही. भिंतीवरच्या आगीच्या घंटेच्या लाल पेटीतला दांडा तिने खाली ओढला.

घंटा कानठळ्या बसवत होती. "चला, चला! कोट राहू देत! पुढच्या दाराने!" ती ओरडत सुटली. मिस पेट्राकिसच्या वर्गाचं दार उघडेना. आतून मुलं ढकलत होती, बाहेरून व्हर्ना ओढत होती. तिसऱ्या हिसक्याला ते एकदम सुटलं आणि व्हर्ना जमिनीवर आदळली. मुलं तिला ओलांडून पळाली.

गाड्या लावायच्या मैदानावर सहाशे मुलं पावसात कुडकुडत उभी होती. दहा मिनिटं झाली. इमारत जशीच्या तशी. यॉस्ट तिच्यासमोर येऊन उभे राहिले. 

"दांडा तुम्ही ओढलात?"

"हो."

"मी नाही म्हटल्यावर? माझी मुलं निळी पडलीयेत, व्हर्ना! बंबवाल्यांना पुलावर पाणी लागलंय, यायला वेळ आहे. मी पुढच्या भागात घेतो सगळ्यांना."

ते दाराकडे वळले. व्हर्ना त्यांच्या आधी पोचली आणि काचेच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला व्हा."

"नाही होणार."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. ब्रॅड, ऐक माझं. तुझ्या आईला पडदे विकलेत मी, तू काउंटरखाली लपून बसायचास तेव्हापासून ओळखते तुला. वासाचं चुकलं माझं. पण ती फट मी रोज झाडते रे. आज ती फटच नाहीये तिथे!"

"मिस्टर यॉस्ट," मागून मिस पेट्राकिस बोलल्या. ओठ थंडीने काळेनिळे झाले होते. "माझ्या वर्गाचं दारही उघडत नव्हतं. काल उघडत होतं."

 यॉस्ट मुलांकडे वळले आणि त्यांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानात न्यायला सांगितलं.

शेवटच्या रांगा रस्ता ओलांडत होत्या तेव्हा बंब आला. अग्निशमन दलाचा प्रमुख आत शिरला आणि मिनिटभरात धावतच बाहेर आला. "मागे! सगळे मागे!"

आधी कुणीतरी जाड कापड फाडावं तसा आवाज आला. मग पायाखालचं डांबर हादरलं. मागच्या बाजूने पांढरी धूळ उसळली आणि पुढच्या दोन्ही काचा फुटून बाहेर पडल्या. चारही वर्गांवर छत बसलं होतं. मोजणी तीनदा झाली. एकही मूल कमी नव्हतं. व्हर्ना टायरच्या दुकानात एका पालथ्या बादलीवर बसली आणि मग तिचे हात असे कापू लागले की कुणीतरी दिलेली कॉफी तिला धरवेना. यॉस्ट शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी कप तिच्या तोंडाशी धरला.

मार्चमध्ये चौकशी झाली. इमारतीच्या मालकाच्या वकिलाने विचारलं, "आपण इंजिनिअर आहात का?"

"नाही. पडदे विकायचे मी."

मागे बसलेले पालक हसले. ती हसली नाही. पाणी जायच्या वाटा दुकान बंद पडल्यापासून एकदाही साफ केल्या नव्हत्या, असं अहवालात आलं. परवानगीविना घंटा वाजवल्याबद्दल तिला ताकीदपत्र निघणार होतं. त्याखाली सही करायला यॉस्टनी नकार दिला.

टॉबिन्स पाडायला काढलं त्या दिवशी बहिणीने फोन केला, "येतेस बघायला? अख्खं गाव जमलंय." व्हर्ना गेली नाही. घरी कोबी चिरत बसली, आणि मधेच सुरी ठेवून पोटभर रडली. तिचं आयुष्य त्या जागेत गेलं होतं, आणि त्याच जागेने चार वर्गांतली पोरं गिळली असती.

शाळा आता एका चर्चच्या तळघरात भरणार होती. मुलं यायच्या आदल्या दिवशी यॉस्ट तिला घेऊन खोलीखोलीतून हिंडले. प्रत्येक ठिकाणी ते आधी वर बघत, मग तिच्याकडे.

"माझ्याकडे काय बघता?" ती शेवटी म्हणाली. "ही जागा मला नवी आहे. इथलं मला काही कळत नाही."

"मग आजपासून बघायला लागा," यॉस्ट म्हणाले आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला.