उभी मोटार चालू ठेवणारी माणसं

मोटारवाल्याकडे किस्से का साठतात, सांगू? धावत्या गाडीत काही घडत नाही हो! गाडी बंद पडली की उतारू खाली उतरतात, पानाच्या चंच्या सुटतात आणि जो तो आपापलं डोकं चालवायला लागतो. माझी नाशिक–देवळा सर्व्हिस तर जिथं थांबेल तिथं बंद पडायची. म्हणजे बघा!

पळताना झकास. पण उतारू घ्यायला उभी केली की धड... धड... फुस्स! सेल्फ-स्टार्टर नावालाच. पुढून हँडल मारल्याशिवाय चालू व्हायची नाही, आणि तेच मला जमत नव्हतं. एकदा हँडल उलटं फिरलं नि उजव्या हाताचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण जोर गेला तो गेलाच. स्टिअरिंगपुरता हात चालायचा, हँडलला नाही.

मोटारीच्या मालकांना, म्हणजे शेठना, हे ठाऊक नव्हतं. क्लीनर ते ठेवत नसत. म्हणायचे, "हँडल मारता येत नाही तो ड्रायव्हर कसला? घरी बसवा त्याला!" घर सगळं माझ्यावर. त्यामुळे इंजिन फुस्स झालं की मी हँडल घेऊन उतारूंपुढे उभा! नेहमीच्या उतारूंना माझा हात ठाऊक होता.

तरी मी घरी बसलो नाही. ही सगळी माणसांची कृपा.

* * *

पहिला मान उस्मानचाचांचा. पंचवटीत मोटार स्टँडच्या मागे त्यांचा कारखाना. इंजिनाला लाकडाची काठी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, ही त्यांची तपासणी.

एकदा ते असे ऐकत असताना उतारूंतले एक भटजीबुवा दबक्या आवाजात म्हणाले, "शूः! मंत्र चाललाय त्यांचा." झालं! सगळी मंडळी हात जोडून उभी.

चाचांनी डोळे उघडले नि दचकलेच. "अरे, मय्यत है क्या? गाडी अजून जिंदा आहे!"

मग त्यांनी कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू फिरवून उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग वाढवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सखाराम, इसको सोने मत देना. ही जागी राहिली तर तुझा हात कोणाला दिसणार नाही." तेव्हापासून गाडी उभी असली की उतारूंचे दात वाजायचे, पण इंजिन बंद पडत नसे. चाचांचे उपकार कुठल्या जन्मी फेडू?

* * *

तरीही एक दिवस बंद पडलीच. पेट्रोलची टाकी काचेच्या पुढेच. झाकण काढून बघितलं, टाकी भरलेली. उतारूंनी हँडल मारलं, चालू झाली. थोडी पुढं गेली, पुन्हा फुस्स! असं करत करत पिंपळगाव गाठलं, आणि तिथल्या मिस्त्रीनं झाकण बोटांत फिरवून बघितलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते कणकेनं बुजवलेलं!

"टाकीत वरून हवा गेली नाही तर पेट्रोल खाली उतरंल कसं?" मिस्त्री ओरडला.

पुढच्या सीटवर पंचवटीच्या एक काकू होत्या. लेकीकडे पुरणपोळ्यांचा, कणकेनं तोंड लिंपलेला डबा घेऊन निघालेल्या. "मीच बुजवलं," त्या म्हणाल्या. "पोळ्यांना घासलेटाचा वास लागला असता ना हो!"

घासलेट! पण काकूंना वाईट वाटलं खरं. त्यांना न्यायला पिंपळगावचे जावई आले होते, कोट-टोपी घालून. काकूंनी हुकूम सोडला, "जावईबापू, आधी ते हँडल मारा. आमच्या सखारामाचा हात दुखरा आहे."

जावयाला मोटारीचं हँडल मारायला लावणारी सासू मी तेवढी एकच पाहिली!

* * *

दसऱ्याला देवळ्याच्या मंडळींनी मोटारीची पूजा केली. कुंकू झालं, नारळ फुटला. निघालो, तर मागून काळा धूर, आणि पहिल्याच वळणावर इंजिन गप्प. तशीच रखडत नाशकाला आणली.

चाचांनी कार्बोरेटर उघडला. हवेच्या तोंडात झेंडूच्या पाकळ्या!

मी परत देवळ्याला गेलो तेव्हा पूजा करणाऱ्या रामजी पाटलांना विचारलं. ते म्हणाले, "आरं, पोळ्याला बैलाच्या तोंडात घास देतोच की! मंग हिचं तोंड उपाशी ठेवायचं व्हय?"

चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "पाटीलको बोलो, अगले साल हार बाहेरच घाला. इसका पेट नाजूक है!"

* * *

आणि मग एक दिवस शेठ स्वतः आले. उभ्या गाडीची धडधड त्यांनी ऐकली होती. "फुकट पेट्रोल जळतंय," म्हणाले, आणि समोर उभं राहून माझ्याकडून स्लोचा स्क्रू उलटा फिरवून घेतला. वर म्हणाले, "चल, आज देवळ्यापर्यंत मी येतो."

नाही म्हणायची सोय नव्हती. निघालो.

ओझरला थांबलो. फुस्स! मी दाराला हात लावतोय, तोवर मागचा एक पैलवान उडी मारून खाली. हँडल मारलं, चालू!

शेठ म्हणाले, "हा कोण?"

मागून चार-पाच आवाज एकदम, "क्लीनर!"

पिंपळगावला पुन्हा फुस्स. या वेळी एक शाळामास्तर उतरले. धोतर सावरत हँडलला लटकले.

"आणि हे?"

"हेबी क्लीनर!"

पुढं वाटेत पुन्हा थांबावं लागलं. सटाण्याकडचा एक म्हातारा काठी टेकत उतरला. शेठनी विचारायच्या आतच ओरडला, "मी शे क्लीनर!"



देवळ्याला बाजारात सगळे उतारू उतरून गेले. गाडी बाजूला घ्यायला बघतो, तर इंजिन बंद पडलेलं. गाडीत मी नि शेठ, दोघेच. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सीटखालचं हँडल काढलं आणि देवाचं नाव घेत खाली उतरलो.

शेठ उतरून पुढं आले. माझ्या हातातलं हँडल घेतलं, धोतर खोचलं, आणि दोन्ही हातांनी असा हिसका दिला की इंजिन लागलं धडधडायला. धापा टाकत ते परत सीटवर येऊन बसले, घाम पुसला आणि म्हणाले,

"सखाराम, एवढे क्लीनर ठेवलेस, पण एकालाही नीट हँडल मारता येत नाही!"