बिनकेसांचं डोकं

काम काय करतेस म्हणून गावी, दारव्ह्यात कोणी विचारलं की मी सांगते, कॉम्प्युटरवर डोकं बनवते. लोक हसतात. हसू द्या, खरंच बनवते. कातडी, कवटी, मेंदू, कोणत्या थरातून वीज किती वाहते ते आकडे त्यात भरायचे, आणि डोक्यावर तारा लावून टिपलेल्या लहरींवरून मिरगीचा झटका आत नेमका कुठून उठतो ते हुडकायचं. पुण्यात, मी नोकरी करते तिथे, या डोक्याचं कौतुक होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून झटके येत. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जागा सापडली तर ऑपरेशन करता येईल. नागपूरच्या एका दवाखान्यात लहरींची तपासणी ठरली. नंबर लागायलाच पाच महिने गेले. मला सुट्टी मिळेना, म्हणजे मी मागितलीच नाही. फोनवर आईला सगळं समजावलं. गाडी कोणती, कागद कोणते, आदल्या दिवशी डोकं धुवायचं.

आईनं शिकेकाईनं चोळून धुतलं. आणि सकाळी निघताना भरपूर तेल चोपडून घट्ट वेणी घातली. आमच्याकडे लेकीला कोरड्या केसांनी परक्यांपुढे नेत नाहीत. बिनमायची दिसते.

तेलावर तारा टिकेनात. तपासणारा माणूस चारचौघांत आईवर खेकसला. कागदावर नुसता कचरा उमटला आणि दोघींना परत पाठवलं, पुन्हा नंबर लावा म्हणून.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मले का मालूम बाई, कोरडंच न्या लागते म्हणून? तू धुवाले सांगतलं, मी धुतलं."

तेल लावू नको, एवढंच सांगायचं राहिलं होतं. नऊ वर्षं मी ज्या डोक्याशी खेळतेय त्याला केसच नाहीत. त्याला आईही नाही. हे कबूल करायचं सोडून मी म्हणाले, "असू दे, होते चूक माणसाच्या हातून." जणू तिचीच चूक, आणि मी मोठ्या मनाची! आजही स्वतःची चीड येते.

दुसरा नंबर लागायच्या आत बहिणीला चुलीपुढे झटका आला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पुढे तपासणी नीट झाली, जागा सापडली, ऑपरेशन झालं, झटके थांबले. बोटं मात्र अजून पुरती मिटत नाहीत. तिची वेणी आता आई घालत नाही, दुसरंच कोणीतरी घालतं.

गेल्या दिवाळीत पहाटेच्या आंघोळीआधी आईनं तेल कोमट केलं. बहीण पाटावर येऊन बसली. "माय, लाव ना."

आईनं वाटी माझ्याकडे सरकवली. "तूच लाव तिले. तुले डोक्यातलं समजते. माह्या हातानं नको."

मी वाटी घेतली. तेल लावलं, चांगलं जिरवलं. आई बाजूला उभी राहून बघत होती, आणि मी तेव्हाही तिला काही सांगितलं नाही.