डाव्या अंगाची

आमचे मालक एका इंग्रजी गाण्यावरनं बारामतीच्या श्रेयाशी तासभर भांडतात, अन् माझ्याशी दोन शब्द बोलत न्हाईत. मग जळू नको तर काय करू?

ज्ञानेश नाव त्यांचं. शेळगावात ढोबळी मिरचीचं शेडनेट हाय आमचं. पुण्यात शिकताना जुन्या रॉकचा नाद लागला, तो काय सुटला न्हाय. घरात तबकड्यांची चळत, पण सगळ्या मोनो. मोनो म्हंजी सगळा आवाज एकजागी. स्टिरिओत गाणारा एका कानात, तर गिटार दुसऱ्या कानात. ऐकून ऐकून मलाबी पाठ झालंय मेलं.

श्रेयाचं जुन्या तबकड्यांचं दुकान हाय. ती स्टिरिओवाली. दर रविवारी स्कुटीवर येती, ह्यांच्या उजवीकडं खुर्ची ओढती अन् सुरू! "ज्ञानेशदादा, तुम्ही अगदीच अडाणी!" हे खो खो हसतात. दादा म्हणती, पण त्यानं माझ्या पोटातलं दुखायचं थांबतंय व्हय?

मी आपली डावीकडं. लग्नात भटजीनं डाव्या अंगाला बसवलं, तवापासनं जेवताना, झोपताना, मोटारीत, डावीकडंच. नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते, तर हे समोर बघत म्हणायचे, "हं." मला वाटायचं, माझं बोलणंच नको झालंय ह्यांना.

परवा श्रेयानं हेडफोन आणला अन् ह्यांच्या कानावर चढवला.

"डावीकडची गिटार ऐका! आता बोला!"

"कुठली गिटार? बंद कर ते."

तिनं हेडफोन काढून उलटा घातला. ह्यांचा चेहरा उजळला. "अगं, हाय की गिटार! पण गाणारा कुठं गेला?"

श्रेयाचं हसू मावळलं. "दादा, डाव्या कानानं ऐकू येत नाही तुम्हाला?"

ह्यांनी मान खाली घातली. "ल्हानपणी जत्रंत कानाशी फटाका फुटला. लग्न ठरताना आई म्हणली, सोयरीक मोडंल, बोलू नको. मग राहूनच गेलं."

मला रडू यायला पायजे होतं. आला तो राग, अन् तोबी श्रेयाचाच. एवढी वर्षं अंगाला अंग लावून मी झोपले, अन् कळलं कुणाला? हिला!

"श्रेया, ऊठ गं बाई," म्हणलं अन् तिच्या खुर्चीत बसले. "अवो," मी हळूच म्हणलं.

हे झटक्यात वळले. "काय गं?"

साठलेलं सगळं ओठावर आलं.

"हिला आधी जाऊ द्या," म्हणलं, "मग सांगते."