बोटीवरची सिगरेट

आमच्या वाडीत सिगरेटचे दोन प्रकार होते. एक नाक्यावरच्या टपरीतली आणि दुसरी बोटीवरची. टपरीतली वाईट, छातीला त्रास देणारी, माणूस बिघडवणारी. बोटीवरची मात्र चांगली. तिला गोडसर वास, वर सोनेरी कागद, आणि तिने काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

आमचे हे बोटीवर नोकरीला होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्यात नवल नाही. नऊ-दहा महिन्यांनी रजेवर आले की दुसऱ्या दिवशी सकाळपासून पडवी भरायची. शेजारचे काका, मिरजोळ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले दोघं-तिघं, सणाला आलेले चाकरमानी, झालंच तर शाळेतले मास्तर. चहा झाला की मी तबक पुढे करायचे. त्यात पान, सुपारी, चुना आणि बोटीवरचं पाकीट फोडून गोल मांडलेल्या सिगरेटी. एरवी विडीलाही न शिवणारा माणूस त्यातली एक उचलायचाच. नाही म्हटलं तर इतक्या लांबून आलेल्याचा मान कसा राहणार? एक जण तर ती कानावर अडकवून घरी न्यायचा, पुढच्या आठवड्यात नाक्यावर ऐटीत ओढायला. वाडीतल्या निम्म्या पुरुषांनी पहिली सिगरेट माझ्या हातच्या तबकातली ओढली असेल. आम्ही बायका आत मशेरी लावत त्यांना हसायचो, जशी काही आमची तंबाखू देवळातून आली होती.

खरं सांगायचं तर मला तो वास फार आवडायचा. घरात तो वास आहे म्हणजे हे घरात आहेत. रजा संपवून गेले की उशीच्या अभ्र्याला वास चार दिवस राहायचा आणि मी अभ्रा धुवायला काढायचे नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचे, पाऊस आहे, वाळायचा नाही. भर वैशाखात काय सांगितलं असेल ते आता आठवत नाही.

मग हे कायमचे घरी आले. बोटीवरची संपली आणि टपरीतली सुरू झाली. तीही मीच मागवायचे, वाण्याच्या यादीत साखरेच्या खाली. गेल्या दिवाळीच्या आधी परसात झावळ्या ओढताना हे मटकन खाली बसले. ओठ काळेनिळे, श्वास मिळेना. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "काका, आता एकसुद्धा नाही. पुन्हा असे आलात तर मला काही करता येईल याची खात्री नाही."

ह्यांनी हळूच विचारलं, "बाहेरदेशची चालेल काय?"

एवढं जग फिरलेला माणूस! मला हसू आलं आणि बाहेर येऊन मी रडले.

पण ह्यांनी सोडली. लवंगा चघळल्या, बडीशेप संपवली, मांजरावर ओरडले, माझ्या आमटीला नावं ठेवली. मी सगळं ऐकून घेतलं. शिमगा येईपर्यंत हे वाटेत न थांबता विहिरीपर्यंत जाऊ लागले होते.

शिमग्याला पुतण्या आला. तोही आता बोटीवर. पाया पडला आणि पिशवीतून पाकिटांचा आख्खा लांब खोका काढून काकांच्या पुढ्यात ठेवला. ह्यांच्या दुखण्याची बातमी त्याला कळवली होती, तरीही.

"काका, ही बोटीवरची आहे. हिने काय होत नाय."

पडवी माणसांनी भरलेली. सगळ्यांसमोर खोका परत करायचा म्हणजे पोराचा पाणउतारा. ह्यांचा हात खोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. मी दारात उभी होते. बंद खोक्याचा वास काय येणार, पण मला आला. लाज वाटते सांगायला, क्षणभर मलाच वाटलं, ह्यांना एक ओढू दे.

मग मी पुढे झाले आणि खोका उचलला. "नको. ह्या घरात आता सिगरेट नको."

पुतण्या ओशाळला. "अगो काकी, तबकात मांडून तूच तर द्यायचीस!"

"द्यायचे. चुकलं माझं."

माणसं पांगल्यावर मी ह्यांना विचारलं, "रागावलात?"

"नाय गो. बरा वाटला." मग म्हणाले, "बोटीवर सगळ्यांना घरचे कागद यायचे. ज्याच्या त्याच्या बायकोने लिवलेला असायचा, सिगरेट कमी करा. आम्ही मोठ्याने वाचून हसायचो. माझ्याच कागदात कधी नसायचा. मी शोधायचो."

चार-चार दिवस बसून लिहायचे मी ती पत्रं. मोहोर किती आला, गाय कधी व्यायली, कौलं कोणी परतली, सगळं असायचं. ती एक ओळ सुचली नाही असं नाही. मला ती सिगरेट सुटायला नकोच होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.