आडावरचा माग

बहात्तरचा दुष्काळ सरून नळाला पुन्हा धड पाणी यायला लागलं, आणि आमच्या घरात नवीनच संकट उभं राहिलं. आमचं घर सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत. खालच्या मोठ्या खोलीत यंत्रमाग, आणि त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या मागाशेजारी, तुळईला माझ्या पोरीचा पाळणा. आमच्यात पोरं अशीच वाढतात. खडखडाटात गाढ झोपतात, माग थांबला की भोकाड पसरतात.

उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सूत पटापट तुटतं. म्हणून माझे सासरे, मामा, दिवसभर मागांखाली पाणी शिंपडत. जमीन ओली, हवा दमट, सूत खूश. पण त्या वर्षी कोपऱ्यातला माग वेगळाच हादरायला लागला. पाळणा कुणी हात न लावता हलायचा. कुणाला सांगावं तर म्हणत, "बाळंतिणीला काहीही वाटतं!"

माझा थोरला भाऊ, अण्णा, इमारतींचे आराखडे करायचा. तो आला, तेव्हा मी त्याला थेट त्या कोपऱ्यात नेलं. तिथं खाली जुना आड होता, घर बांधताना वाळू टाकून बुजवलेला. अण्णा स्वयंपाकघरात गेला, पातेल्यात वाळू घेतली, पाण्यानं गच्च भरली, वर वरवंटा उभा केला आणि कडेला डावानं ठोकत राहिला. वरवंटा कलला आणि निम्मा आत गेला.

"पाण्यानं भरलेल्या वाळूला सारखे हादरे बसले की कण एकमेकांना सोडतात," अण्णा म्हणाला. "मग ती वाळू राहत नाही, चिखलाचं पाणी होतं. मामा, माग बंद करा. आड उकरून खाली मुरूम लागेपर्यंत जाऊ, तिथून काँक्रीट भरू. आणि मागाचा पाया भिंतीपासून सुटा ठेवू."

"पातेल्यात माग चालवतोस काय रे?" मामा हसले. "लग्नसराई हाय. आत्ता माग बंद केला तर खायचं काय?"

शेवटी एवढंच ठरलं, की त्या कोपऱ्यात पाणी मारायचं नाही. ठरलं कसलं! मी पाठ फिरवली की फरशी ओली. विचारलं तर मामा म्हणायचे, "सूत तुटतंय की गं." माझं टाळकंच फिरलं. एक दिवस पाळणा सोडला आणि अंगणातल्या लिंबाला बांधला. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शेजारणी विचारायच्या, पोरीला घराबाहेर का काढलंस? पोर तर खडखडाटाशिवाय झोपेना. दिवसभर किरकिर, दिवसभर माझी चिडचिड. दोनदा वाटलं, नेऊन टांगावा परत आत.

एका दुपारी ती कशीबशी झोपली होती. आतून मोठा आवाज आला आणि सगळे माग एकदम थांबले. कोपऱ्यातला माग एका अंगाला खाली गेला होता, भिंत फाटली होती, आणि तुळईचं टोक भिंतीतून निसटून खाली आलं होतं, पाळणा असायचा बरोब्बर तिथं. कुणाला लागलं नव्हतं.

मामा धुळीनं माखलेले बाहेर आले. मागाबद्दल चकार शब्द नाही. झोपलेल्या पोरीला उचलून छातीशी धरलं आणि पायरीवर बसले. पोर जागी होऊन रडायला लागली, म्हणून मी हात पुढे केले.

"राहू दे की थोडा वेळ," मामा म्हणाले.